परार्धाच्या पोटात

संतकवी दासोपंतांच्या गीतार्णव या गीताटीकेत सव्वा लाख ओव्या आहेत, असं अंबाजोगाईत परंपरेने सांगतात. ग्रंथाचा पसारा डोळ्यांपुढे उभा राहायला हा आकडा पुरेसा आहे. पण नुसती संख्या म्हणून पाहिलं, तर १,२५,००० म्हणजे तीन दोन आणि सहा पाच यांचा गुणाकार. मूळ संख्या दोनच, त्याही अगदी लहान. संख्या मोठी असणं वेगळं आणि तिची आतली घडण अवघड असणं वेगळं, हे ध्यानात यायला माणसाला फार काळ लागला.

आपल्याकडे मोठ्या संख्येचा विचार आधी नावांच्या वाटेने गेला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) एक, दश, शत अशी परार्धापर्यंत अठरा स्थानं येतात. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला, त्याचा शिलालेखही आहे. त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर, ज्याचे शिलालेख अंबाजोगाईत आहेत. ही गणितपरंपरा आपल्याच मुलखातली, म्हणून तिच्याकडे मी आपुलकीने पाहतो. कुट्टकात, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायच्या रीतीत, भास्कराचार्य आधी अपवर्तन करतात, म्हणजे सामाईक विभाजकाने भागून घेतात. विभाजकांची जाण पक्की होती. मात्र मोठी संख्या तिच्या मूळ अवयवांसाठी फोडून पाहणं हा तिथला प्रश्न नव्हता. खुद्द परार्ध फोडला तरी सतरा दोन आणि सतरा पाचच निघतात.

आता परार्धाहून लहान अशी एक संख्या घ्या: ओळीने सतरा एक, ११,११,११,११,११,११,११,१११. तिला दोन, तीन, पाच, सात, अकरा यांपैकी कशानेच भाग जात नाही. तिचे मूळ अवयव फक्त दोन: २०,७१,७२३ आणि ५,३६,३२,२२,३५७. हाताने शोधायचं म्हटलं तर माणूस थकून जाईल.

अशा एकांच्या संख्यांना जीव लावला तो देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी. एका रेल्वे स्थानकाच्या नावावरून त्यांनी एका संख्याकुळाला ‘डेमलो’ म्हटलं. १२१, १२३२१ या त्यातल्या परिचित संख्या म्हणजे ११ आणि १११ यांचे वर्ग. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दिसायला किती देखणा! पण त्याचं मर्म अवयवांत आहे: नऊ एक म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, म्हणून वर्गात यातला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. कापरेकरांच्या कामाला पुष्कळांनी करमणूक मानलं. मला ते पटत नाही. संख्येच्या रूपाकडून घडणीकडे जायचा तो रस्ता होता.

युरोप-अमेरिकेत याच विचाराने एक विलक्षण वळण घेतलं. दोनाच्या ६७व्या घातातून एक वजा केलेली संख्या मूळ आहे, असं गणितज्ञ मेर्सेनने १६४४ मध्ये म्हटलं होतं. ल्युकासने १८७६ मध्ये दाखवलं की ती मूळ नाही; पण अवयव कोणते, ते त्यालाही माहीत नव्हतं. ते १९०३ मध्ये कोलने दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या फुटते हे कळणं आणि ती फोडणं यांतलं अंतर इथे ठळक झालं. २००२ मध्ये कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी पहिल्या प्रश्नाला खात्रीचं आणि वेगवान उत्तर दिलं. दुसऱ्याला नेहमीच्या संगणकांवर तसं उत्तर आजही नाही, आणि १९७७ची आरएसए ही कूटलेखनाची पद्धत त्याच अडचणीवर उभी आहे. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला ती वापरतात.

अंबाजोगाईतल्या गणिताच्या शिक्षकांना एवढंच सांगणं: ते सतरा एक फळ्यावर लिहा, २०,७१,७२३ने भागाकार मांडायला लावा, आणि मुलांना शेवटपर्यंत भाग घालू द्या.