युक्त कर्म म्हणजे किती कर्म?

आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक १७. आहार, विहार, झोप यांच्यासारखंच कामही बेताचं असावं, असं भगवंत सांगतात.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मोठ्या रजेनंतर ऑफिसला परतताना मनात एकच प्रश्न होता: सवलत मागणं म्हणजे कर्तव्य टाळणं का? या आजारात उष्णतेने थकवा वाढतो. तरीही हट्टाने गर्दीच्या लोकलने रोज जाणं, हा कर्मयोग की अहंकार?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या यादीत हा आजार आहे. त्यात वाजवी सोयीची कल्पना आहे, पण समोरच्यावर अवाजवी भार न टाकता. म्हणजे बेत दोघांनीही पाळायचा. म्हणून मी एचआरला लेखी दिलं: दोन दिवस घरून काम, दुपारी अर्धा तास विश्रांती, तीन महिन्यांनी फेरविचार. माझ्याकडून नक्की काय होईल, तेही लिहिलं. घरून कामाचा एकच दिवस मिळाला. बाकीचं मान्य झालं.

आपली मर्यादा लपवून अंगावर घेतलेलं काम शेवटी सहकाऱ्याच्याच माथी येतं. मर्यादा खरी सांगणं हीसुद्धा सेवाच, नाही का?

श्रीकृष्णार्पणमस्तु.