वास्तूचा वेष आणि सत्य

इमारतीनें स्वतः जें नाहीं तें असल्यासारखें दिसावें, हें असत्याचरण होय काय? प्रश्न वरवर पाहतां विनोदी वाटेल. परंतु अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं सेंट्रल ॲव्हेन्यूवर कोका-कोला बाटल्यांत भरण्यासाठीं जो कारखाना उभारला गेला, त्याच्याकडे पाहिलें म्हणजे तो टाळतां येत नाहीं. रॉबर्ट डेराह या वास्तुशिल्पकारानें तेथील कांहीं जुन्या इमारती एका कवचाखालीं आणल्या आणि १९३९ पर्यंत त्यांस आगबोटीचें रूप दिलें. गुळगुळीत पांढऱ्या भिंती, वाटोळ्या खिडक्या, कठडे, माथ्यावर कप्तानाच्या सज्जासारखा मनोरा; आणि ही बोट उभी आहे भर रस्त्याच्या कडेला!

रस्किननें आपल्या 'वास्तुकलेचे सात दीप' या १८४९ च्या ग्रंथांत सत्याला स्वतंत्र दीपाचें स्थान दिलें व एका पदार्थानें दुसऱ्याचें सोंग घेणें निषिद्ध ठरविलें. हा नियम कडकपणें लावला तर आमचें अजिंठ्याचें एकोणिसावें लेणेंही दोषी ठरेल. कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताला खऱ्या लाकडी कमानी आहेत. अजिंठ्यास तशाच कमानी पाषाणांत कोरल्या आहेत, आणि त्यांच्यावर छताचा भार मुळींच नाहीं. तरी त्यांस कोणी खोट्या म्हणत नाहीं, कारण त्यांनीं कोणाची फसवणूक होत नाहीं. इमारतीवरील सोन्याचा मुलामा रस्किननेंही याच कारणास्तव क्षम्य मानला: तो भरीव सोनें आहे असें कोणीच समजत नाहीं. कारखान्याला बोट समजून त्यांत प्रवासास कोण चढणार?

तथापि लेण्याला कांहीं विकावयाचें नव्हतें, कारखान्याला होतें. आगबोटीचा तो नीटनेटका, धुतल्यासारखा आकार पाहणाऱ्याच्या मनांत नकळत विश्वास उत्पन्न करतो कीं, आंत भरलें जाणारें पेयही तसेंच निर्मळ असेल. बाटलीला झांकण बसल्यावर ग्राहकाला तपासण्याची सोय उरत नाहीं. तो विश्वासावरच पितो. आमच्या मतें नीतीचा खरा प्रश्न येथें सुरू होतो. वेष धारण करणें हें असत्य नव्हे; वेषानें घेतलेली हमी न पाळणें हें असत्य होय. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' या म्हणींतील दोष नांवाचा नसतो.

१९७५ सालीं लॉस एंजेलिस शहरानें ही वास्तु ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर केली, तें योग्यच झालें. पण शहर रक्षण करूं शकतें तें भिंतींचें. भिंतींनीं दिलेलें वचन पाळणें आंत काम करणाऱ्या माणसांच्याच हातीं असतें.