फुकटचे धान्य आणि मनुष्यऋण

२०२० च्या एप्रिलातील एका सकाळी, तासगाव तालुक्यातील एका रास्तभाव दुकानापुढे चुन्याने आखलेल्या चौकोनांत माणसे उभी असताना, एक वृद्धा आपले धान्य दोन ठिकाणी बांधून घेत होती: २ रुपये किलोचा गहू व ३ रुपये किलोचा तांदूळ पिशवीत, आणि प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेचा माणशी ५ किलो मोफत तांदूळ जुन्या लुगड्याच्या धडप्यात. कारण विचारताच ती म्हणाली, "इकतचं येगळं, फुकाचं येगळं. फुकाचं अंगी लागत न्हाई, बाबा."

परान्नाने पुण्य क्षीण होते, असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या समाजाला सरकारी गोणी हे दान वाटावे व ते घेताना मान खाली जावी, हे स्वाभाविक असले तरी मला न्याय्य वाटत नाही. त्याच परंपरेतील शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी व पितर यांच्या ऋणांच्या जोडीने मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे, आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडावे असे म्हटले आहे. पहिली तीन ऋणे आमच्या मुखी राहिली आणि हे चौथे विस्मरणात गेले, ही मला आमच्या धर्मचिंतनाची मोठी हानी वाटते. कारण ते ध्यानी असते, तर त्या वृद्धेला आपण आपले येणे घरी नेत आहो असे वाटले असते.

शेजारच्या मंगळवेढ्याची दामाजीपंतांची कथा, फुकटचे धान्य घेणाऱ्यावर ऋण चढते का, याच प्रश्नाचा निवाडा करते. दुष्काळात बहामनी सरकारची कोठारे पंतांनी रयतेला मोकळी केली, तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरास गेला, रकमेचा भरणा केला आणि पावती घेऊन आला. ही कथा मी इतिहास म्हणून सांगत नाही. पण तिच्यात हिशेब देव आणि बादशहा यांच्यात मिटतो, धान्य नेणाऱ्या भुकेल्यांकडे कोणी काही मागत नाही, हे लोकमानसाने किती विचारपूर्वक ठरवले आहे!

तासगाव तालुक्यातीलच विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीच्या रूपाने मजुराचा कामावरील हक्क राज्याकडून मान्य करवून घेतला. महामारीत मात्र राज्याच्याच हुकमाने कामे थांबली. सांगलीच्या हळदीच्या पेठेतील हमाल घरी बसला, तो आळसाने नव्हे. ज्याने हात थांबवले त्याच्यावर पोटाचे ऋण येते, इतका हा सरळ व्यवहार आहे. संसर्गाच्या भयाने रास्तभाव दुकानातील अंगठ्याच्या मशीनवर गिऱ्हाइकांऐवजी दुकानदाराचाच अंगठा चालवण्याची मुभा मिळाली, तेव्हा ओळख पटवण्याचा अट्टहासही सरकारला बाजूला ठेवता आला.

कागदाचा अट्टहास मात्र सहजी सुटला नाही. सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर आलेले बीडकडील ऊसतोड मजूर टाळेबंदीत फडावरच अडकले. त्यांना परतण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यास मिळाली. तोवर त्यांच्या कोप्यांत चूल कशी पेटली, हे बरेचसे कारखान्यांवर आणि आसपासच्या गावांवर अवलंबून राहिले. शिधापत्रिका त्यांच्याकडेही होत्या. पण त्या कुलूप घातलेल्या घरात, गावी, पत्र्याच्या पेटीत होत्या.