मद्यपाशातील बंधूला कोठे पाठवावे?



मंडळीतील एखादा बंधू दारूच्या पाशात सापडला म्हणजे आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो, पाळकसाहेब त्याच्या घरी जाऊन येतात, तो काही दिवस बरा राहतो आणि पुन्हा पितो. मग कोणी सुचवते की, त्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला पाठवावे. लगेच दुसरा विचारतो, “ख्रिस्ताची मंडळी असताना बाहेर कशाला?” हा प्रश्न श्रद्धेतूनच येतो, म्हणून त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे.

प्रथम ही चळवळ कशी सुरू झाली ते पाहू. १९३५ साली बिल विल्सन हे गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेतील ॲक्रन शहरी गेले. त्यांनी दारू सोडून काही महिनेच झाले होते. काम फसले आणि पिण्याची ओढ पुन्हा उसळली. तेव्हा त्यांनी तेथील एका पाळकाला टेलिफोन केला. पण त्यांनी उपदेश मागितला नाही. ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा दारुडा गाठून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पाळकाच्या ओळखीतून पुढे डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली, आणि या दोघांपासून संघटना उभी राहिली. दोघांचाही ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीशी संबंध होता. बारा पायऱ्यांचे पुस्तक १९३९ साली निघाले आणि भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

बिल विल्सन यांच्या मागणीत मोठा अर्थ आहे. दुसऱ्याला सावरताना आपण स्वतः सावरतो, हे त्यांना उमगले होते. आपल्या मंडळीत पिणारा बंधू सदा घेणाराच असतो. आपण त्याची कीव करतो, त्याला समजावतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो. त्या सभेत मात्र काल आलेल्याला आज आलेल्याच्या उपयोगी पडता येते. ज्या पडण्याची त्याला लाज वाटते, तेच तेथे दुसऱ्याच्या हाताला आधार होते. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले आहे आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही सांगितले आहे. या दोन्ही गोष्टी अशा सभेत एकाच वेळी घडतात.

“पण तेथे ख्रिस्ताचे नाव न घेता ‘उच्चशक्ती’ म्हणतात,” असा आक्षेप येतो. तो खरा आहे. मात्र देवाला ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ओळखावे अशी तेथे मोकळीक आहे. आपल्या बंधूला ख्रिस्त दाराबाहेर ठेवावा लागत नाही. येथे नामान आठवावा. यार्देनेत बुडी मारण्याचा त्याला राग आला, कारण दिमिष्काच्या नद्या त्याला अधिक चांगल्या वाटत होत्या. शेवटी परक्या नदीतच तो शुद्ध झाला. मंडळीच्या अभिमानापायी आपणही कोणाला यार्देनेपासून अडवत नाही ना?

आता योग्य सभा कशी ओळखावी? सभासदत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते, फी नसते. जेथे पैसे मागतात किंवा बोललेले बाहेर फुटते, तेथून उठावे. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. तेव्हा भाषाही पाहावी. बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथे कामकाजाची भाषा येत असली, तरी मनुष्य आपले दुःख घरच्या भाषेतच उघडे करतो. वडोदऱ्यास दारूबंदी असल्याने लाजेबरोबर पोलिसाचेही भय असते. तेथे गुप्तता अधिकच मोलाची. भगिनी पीत असेल तर स्त्रियांची वेगळी सभा आहे का ते विचारावे. पहिली सभा मानवली नाही तर दुसरी पाहावी. घरच्यांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी संघटना आहे.

एक सावधगिरी. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर कंप, झटके, भ्रम होऊन जीवही धोक्यात येतो. म्हणून आधी डॉक्टर, बरोबरीने सभा. या सभांचा उपयोग केवळ ऐकीव नाही. २०२० साली कॉक्रेनने २७ अभ्यासांचा, सुमारे साडेदहा हजार माणसांचा, आढावा घेतला. दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारा पद्धतशीर उपचार इतर मान्य उपचारांहून सरस ठरला.

मग मंडळीने काय करावे? नामानाच्या घरी धरून आणलेली एक मुलगी होती. गप्प बसण्यास तिला पुरेसे कारण होते. तरी बरे होण्याचे ठिकाण तिने सांगितले. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आपल्या शहरातील सभेचा वार व पत्ता माहीत करून ठेवावा. खुल्या सभेला कोणीही बसू शकतो. पहिल्या दिवशी बंधूबरोबर जावे. आणि प्रार्थनेची विनंती या नावाखाली त्याची गोष्ट चार घरी सांगू नये. चहाडी गुडघ्यावर बसून केली तरी चहाडीच असते.

तो सभेहून येईल तेव्हा रविवारी त्याची जागा त्याच्यासाठी मोकळी असावी. आणि तेथे जसा तो कोणाच्या उपयोगी पडला, तसे एखादे काम आपणही त्याच्या हाती द्यावे.