मागे उरणारे: पडद्यावरचे शोकान्त

शोकान्त म्हणजे नायकाचा किंवा नायिकेचा मृत्यू, अशी ढोबळ समजूत आहे. ती अपुरी आहे. पडद्यावर माणसे सतत मरत असतात. हाणामारीच्या चित्रपटात किती मेले याची मोजदाद कुणी ठेवत नाही. उलट, ज्यांत एकही मृत्यू नाही असे काही शेवट अर्धशतक उलटून गेले तरी पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात. शेवट किती दुःखद वाटतो हे कोण गेले यापेक्षा मागे कोण उरले यावर ठरते. उरलेल्याला काय ठाऊक आहे आणि यापुढे त्याला कशासह जगायचे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे चांगला दिग्दर्शक कथेच्या आरंभापासूनच रचत आणतो.

भारतीय रंगभूमीला शोकान्त फार काळ वर्ज्य होता. नायकाचा वध रंगमंचावर दाखवू नये, असा नाट्यशास्त्राचा दंडक होता आणि संस्कृत नाटकाचा शेवट मीलनाने, मंगलकामनेने व्हावा अशी अपेक्षा असे. दुर्योधनाचा मृत्यू प्रत्यक्ष दाखवणारे भासाचे ‘ऊरुभंग’ हा ठळक अपवाद. विदर्भातील पद्मपूरचा भवभूती करुण हाच एकमेव मूळ रस मानणारा; पण ‘उत्तररामचरिता’त त्यानेही शेवटी राम आणि सीता यांची भेट घडवली. रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीत सामावते. एकाच कथेचे हे दोन शेवट शेजारी ठेवले की फरक लक्षात येतो. उत्तरकांडातला राम मागे उरतो, आणि आपल्या निर्णयाचे ओझे वाहत राज्य करत राहतो. भवभूतीने त्याची या उरण्यातून सुटका केली.

मराठी रंगभूमीवर शोकान्ताला मानाचे स्थान मिळवून देणारे नाटक म्हणजे राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि त्यानंतर त्याच वर्षी हे नाटक रंगमंचावर आले. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या हातून संसार उद्ध्वस्त होतो, मूल जाते, पत्नी सिंधू जाते, आणि अखेर तो स्वतः विषाचा प्याला घेतो. मात्र प्रेक्षकाला सर्वांत जास्त पिळवटून टाकतो तो सुधाकराचा मृत्यू नव्हे. आपण काय करून बसलो हे शुद्धीवर आलेल्या सुधाकराला कळते, तो मृत्यूच्या अलीकडचा काळ जास्त भयंकर आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या विवेचनात परिस्थितीच्या उलटापालटीबरोबर सत्याच्या उमगण्याला इतके महत्त्व दिले, त्याचे कारण हेच. नुसती आपत्ती ही दुर्घटना ठरते. ती कुणाला तरी पूर्णपणे कळली, की तिचा शोक होतो.

चित्रपटाने या जाणिवेला एक नवे साधन दिले: पाहणाऱ्याचा चेहरा. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ज’मध्ये (१९४८) युद्धोत्तर रोममधला बेकार अंतोनिओ घरच्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवतो, कारण भिंतीवर पोस्टर चिकटवण्याच्या नोकरीची ती अट असते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. दिवसभराच्या वणवणीनंतर हताश होऊन तो स्वतःच एक सायकल पळवतो आणि पकडला जातो. हे सारे त्याचा लहान मुलगा ब्रुनो पाहत असतो. सायकलमालक त्या पोराकडे बघून तक्रार न करता अंतोनिओला सोडून देतो, म्हणजे बापाची सुटका होते तीही मुलादेखत झालेल्या बेअब्रूमुळेच. रडणाऱ्या बापाचा हात मुलगा धरतो आणि दोघे गर्दीत दिसेनासे होतात. इथे कुणी मेलेले नाही. पण मुलाच्या मनातला बाप पूर्वीचा राहिलेला नाही, आणि हे बापालाही ठाऊक आहे.

भारतात १९५२ साली पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा बिमल रॉय यांनी हा चित्रपट पाहिला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘दो बिघा जमीन’वर त्याचा ठसा उघड आहे. जमीनदाराचे कर्ज फेडण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शंभू परततो तेव्हा त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहत असतो. तो तिथली मूठभर माती उचलू पाहतो, तर रखवालदार तीही टाकायला लावतो. इथेही कुटुंब जिवंत आहे. आता कुठे जायचे, हे मात्र त्यांतल्या कुणालाच ठाऊक नाही.

मागे कोण उरते यात बदल केला की शेवटाचा अर्थ कसा पालटतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मराठीतच आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या (२०१६) पूर्वार्धात गाणी, वेग, मस्ती आहे, उत्तरार्धात नायिका आर्ची आणि तिचा नवरा यांचा हैदराबादेतला काटकसरीचा, हळूहळू मार्गी लागणारा संसार आहे. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात तेव्हा आर्चीइतकाच प्रेक्षकही समेटाची आशा धरून बसलेला असतो. त्या दोघांची हत्या पडद्यावर दिसत नाही. शेजारणीकडून परतलेले लहानगे मूल ते दृश्य पाहते, ध्वनी संपूर्ण बंद होतो आणि रक्ताने माखलेली इवली पावले घराबाहेर पडत जातात. जे घडले ते समजण्याचे त्या मुलाचे वय नाही. ते सगळे प्रेक्षकाला समजते. मूल आणि प्रेक्षक यांच्या समजेतले हे अंतर हाच त्या शेवटाचा आघात आहे. शिवाय ते मूल दोन जातींचे आहे, आणि उद्या त्याला कोण आपले म्हणणार, हा प्रश्न चित्रपट संपल्यावर सुरू होतो.

याच कथेवर बेतलेल्या हिंदी ‘धडक’मध्ये (२०१८) शेवट बदलला. तिथे नवरा आणि मूल मारले जातात व नायिका मागे उरते. क्रौर्य कमी झालेले नाही. तरीही परिणाम निराळा होतो, कारण उरलेली व्यक्ती प्रौढ आहे, तिला सगळे कळते, ती आक्रोश करू शकते. प्रेक्षकाच्या वाट्याचे दुःख पडद्यावरच व्यक्त होऊन जाते. ‘सैराट’मध्ये ते व्यक्त करायला पडद्यावर कुणी शिल्लकच नसते.

मागे उरलेल्याच्या नजरेतून घडणारा हा पहिला प्रकार; शोकान्ताचा दुसरा मोठा प्रकार उशिराचा आहे. ‘देवदास’च्या १९३५, १९५५ आणि २००२च्या हिंदी आवृत्त्या एकमेकींहून पुष्कळ वेगळ्या आहेत, पण प्रेयसी पारोच्या दारापर्यंत पोहोचलेला देवदास तिला भेटण्याआधीच संपतो, हे तिन्हींत कायम आहे. साने गुरुजींच्या पुस्तकावरील आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’मध्येही (१९५३) हीच चुकामूक आहे; श्याम पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. ‘आनंद’मध्ये (१९७१) हृषीकेश मुखर्जी यांनी उशिराला एक यंत्र जोडले. औषध आणायला गेलेला डॉक्टर भास्कर परततो तेव्हा आनंद गेलेला असतो आणि टेपरेकॉर्डरवर त्याचा आवाज सुरू होतो. नायक मरणार हे या चित्रपटात पहिल्यापासून माहीत असते. सुरुवातच आनंदवर लिहिलेल्या पुस्तकासाठी भास्करच्या होणाऱ्या सत्काराने होते. त्यामुळे पुढे काय होणार याची उत्कंठा उरत नाही. उरतो तो रोज विनोद करणारा रुग्ण आणि रोज हिशेब मांडणारा डॉक्टर यांच्यातला लळा. शेवटी ही कथा भास्करची होते.

तिसऱ्या प्रकारात दुःख पुढे चालूच राहणार असते. ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’मध्ये (१९६०) निर्वासित कुटुंबाला पोसताना खंगलेली नीता शिलाँगच्या क्षयरोग-रुग्णालयात भावाला ओरडून सांगते की तिला जगायचे होते. चित्रपट इथे थांबला असता तरी चालला असता. घटक तो आणखी पुढे नेतात. गावी परतलेल्या भावाला रस्त्यात दुसरीच एक मुलगी दिसते; तिच्या चपलेचा पट्टा तुटतो आणि ती ओशाळे हसून पुढे चालू लागते. आरंभी नीताची चप्पल अशीच तुटलेली असते. एका नीताच्या जाण्याने काहीही थांबलेले नाही, हे सांगणारे हे दृश्य मृत्यूपेक्षा कठोर आहे.

वार्धक्यावरील चित्रपट याच प्रकारात मोडतात. लिओ मॅककॅरी यांच्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’मध्ये (१९३७) घर गमावलेल्या वृद्ध जोडप्याला मुले वाटून घेतात. दोघे न्यूयॉर्कमध्ये एक दुपार एकत्र घालवतात आणि स्टेशनवर निरोप घेतात. तो कॅलिफोर्नियातल्या मुलीकडे निघाला आहे. ती वृद्धाश्रमात जाणार आहे, आणि हे त्याला कळू नये अशी तिने व्यवस्था केली आहे. पुन्हा भेटण्याची भाषा दोघेही करतात. शेवट गोड करावा यासाठी स्टुडिओने दबाव आणला होता; मॅककॅरी बधले नाहीत. आई-वडिलांची वाटणी हाच विषय ‘बागबान’मध्येही (२००३) आहे. तिथे वडिलांचे पुस्तक गाजते, पैसा येतो, जोडपे पुन्हा एकत्र येते आणि मुलांना खडसावले जाते. प्रेक्षक समाधानाने उठतो, कारण हिशेब चुकता झालेला असतो. मॅककॅरींच्या प्रेक्षकाचा हिशेब उघडाच राहतो, आणि त्यात त्याला स्वतःचेही नाव दिसू लागते.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) हा या प्रकारातला एक वेगळा नमुना. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे आजोबांना कळते. शस्त्रक्रियेआधी ते त्याला रुग्णालयातून बाहेर काढून शहर दाखवतात. शेवटी अंध झालेला नातू होडीतून गावी परततो. उपचार यशस्वी झाले आहेत, मूल हाताशी आहे, घरचे वाट पाहत आहेत. या शेवटाला केवळ दुःखद म्हणता येत नाही. पण काय दिले आणि काय मिळाले याचा हिशेब आजोबांच्या चेहऱ्यावर कायमचा लिहिलेला आहे.

दूरचित्रवाणी मालिकेचे गणित आणखी वेगळे असते. चित्रपटाची ओळख दोन-तीन तासांची. मालिकेतली माणसे वर्षानुवर्षे घरात येत असतात. त्यामुळे मालिका संपणे हाच एक वियोग असतो. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरील ‘मॅश’ ही अमेरिकी विनोदी मालिका अकरा हंगाम, म्हणजे मूळ युद्धापेक्षा कितीतरी अधिक काळ चालली. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी दाखवलेला तिचा अडीच तासांचा शेवटचा भाग १० कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. सतत थट्टा करणारा डॉक्टर हॉकाय त्यात मनोरुग्णालयात आहे. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून बसमधल्या एका बाईने कोंबडी गुदमरवून मारली, असे त्याला आठवत असते. हळूहळू उलगडते की ती कोंबडी नव्हती, बाईचे स्वतःचे मूल होते. मालिकेतली सगळी थट्टा कशावर पांघरूण घालत होती, हे या एका आठवणीने उघडे पडते.

ब्रिटनच्या ‘ब्लॅकॲडर गोज फोर्थ’ने हीच वाट सहा भागांत पार केली. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतली ही मालिका म्हणजे आघाडीवर जाणे टाळण्याच्या हास्यास्पद युक्त्यांची माळ. नोव्हेंबर १९८९मधल्या अखेरच्या भागात युक्त्या संपतात, शिट्टी वाजते आणि सगळे खंदकाबाहेर पडतात. चित्र संथ होते आणि रणभूमीच्या जागी खसखशीच्या फुलांचे रान दिसू लागते. मूळ चित्रण मनासारखे झाले नव्हते, म्हणून संकलनात गती कमी करून हा परिणाम साधला गेला. अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबावरील ‘सिक्स फीट अंडर’ने (२००१–२००५) निराळा मार्ग घेतला. धाकटी मुलगी घर सोडून मोटारीने निघते आणि तिच्या प्रवासात गुंफून प्रत्येक मुख्य पात्राचा भावी मृत्यू दाखवला जातो. सर्वांत शेवटी, अतिशय म्हातारी होऊन, ती स्वतः जाते. मागे उरण्याची पाळी प्रत्येकावर येते, हे इतक्या शिस्तीने क्वचितच मांडले गेले असेल.

भारतीय दूरचित्रवाणीवर असा नियोजित शेवट दुर्मीळ आहे. दैनंदिन मालिका प्रेक्षकसंख्या टिकेल तोवर लांबवली जाते आणि ती घसरली की आवरती घेतली जाते. मग घाईने केलेल्या समेटाशिवाय दुसरा शेवट शक्यच नसतो. जिथे भागांची संख्या आधी ठरली होती, तिथे चित्र निराळे आहे. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील गोविंद निहलानी यांची ‘तमस’ दूरदर्शनवर १९८८ साली आली. तिचे प्रक्षेपण थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि न्यायालयाने ते रोखण्यास नकार दिला. फाळणीच्या दंगलीची ठिणगी नकळत ज्याच्या हातून पडली त्या नथूचे प्रेत त्याच्या गरोदर बायकोला सापडते, आणि तिथेच तिला कळा सुरू होतात. मागे उरणारा इथे नुकताच जन्माला येतो.

कुणीच उरत नाही, अशी शक्यता राहते. इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये (१९८८) कोबेच्या रेल्वेस्थानकात उपासमारीने मरणारा किशोरवयीन सेइता पहिल्याच दृश्यात दिसतो. त्याच्या चार वर्षांच्या बहिणीचे, सेत्सुकोचे, काय झाले ते नंतर उलगडते. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची. युद्धात त्यांची स्वतःची धाकटी बहीण उपासमारीने गेली होती. शेवटी दोघा भावंडांचे आत्मे टेकडीवरून आजच्या झगमगत्या कोबे शहराकडे पाहत बसतात. त्यांच्यासाठी रडणारे पडद्यावर कुणी नाही. उरते ते शहर, आणि ते पाहणारा प्रेक्षक.

असे शेवट माणसे पैसे मोजून का पाहतात, हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने भावनांच्या विरेचनाकडे बोट दाखवले. भट्टनायकाने साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडला: रंगमंचावरचे दुःख अमुक एकाचे राहत नाही, म्हणून ते आस्वाद्य होते. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. त्यांना व्यवहारातली एक साक्ष जोडता येते. ‘सैराट’ तोवरचा सर्वाधिक कमाई करणारा मराठी चित्रपट ठरला, म्हणजे प्रेक्षक शोकान्ताला टाळतो हा निर्मात्यांचा समज सरसकट खरा नाही. प्रेक्षक नाकारतो ते लादलेले दुःख: शेवटच्या दहा मिनिटांत आणलेला असाध्य आजार, योगायोगाने झालेला अपघात, ज्याच्याशी ओळखच झाली नाही अशा पात्राचा मृत्यू. शोकान्त पटण्यासाठी आधी आशा खरी वाटावी लागते, पुढचे पाऊल अटळ वाटावे लागते आणि मागे उरणाऱ्याचे आयुष्य कथेबाहेरही चालू राहील इतके ते पात्र जिवंत असावे लागते. या तिन्ही गोष्टी असल्या तर मृत्यू दाखवण्याचीही गरज पडत नाही. त्या नसतील, तर कितीही प्रेते दाखवली तरी तो शोकान्त ठरत नाही.