लपवलेली कडी

आमच्या बुलढाण्याकडे कुणी नवी गाडी आणली की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज काय देते?" रंगाची चौकशी नंतर. पण घेणाऱ्याचं मन बसलेलं असतं ते गाडीच्या तोंडवळ्यावर. काटकसर करायची असते, काटकसरी दिसायचं नसतं.

शेवरोलेची बीट आठवते? कंपनी अमेरिकन, गाडी आपल्या तळेगावची. 2010 साली पेट्रोलवर आली, पुढच्या वर्षी डिझेलवर. डिझेलचं इंजिन अवघं 936 सीसीचं, तीन सिलिंडरचं, थोडक्यात भागवणारं. अंगकाठी मात्र तालमीतल्या पोराची. वर ओढत नेलेले मोठाले दिवे, फुगलेल्या कमानी, आत मोटारसायकलसारखं मीटर. मागच्या दारांची हँडलं तर खिडकीशेजारच्या काळ्या पट्टीत दडवलेली, गाडी दोन दारांची वाटावी म्हणून. आमची आत्या लग्नाला निघाली तेव्हा भावाच्या बीटभोवती उभी राहून पत्र्यावरून हात फिरवत राहिली. "अरे बाप्पा, कडी कुठी हाय याची?"

स्पोर्टी रूप वेग दाखवतं, असं आपण समजतो. मला वाटतं, ते संसार झाकतं. दोन दारांची गाडी म्हणजे पोरंबाळं, आत्या, गव्हाचं पोतं यांतलं काही मागे न लागलेल्या माणसाची गाडी. फोर्डनं 1964 मध्ये हेच केलं. फाल्कन ही त्यांची साधी, किफायतशीर गाडी. तिच्याच बऱ्याचशा सांगाड्यावर लांब बॉनेट आणि आखूड शेपूट चढवून मस्टँग काढली आणि ती पहिल्या वर्षातच चार लाखांवर खपली.

सजवणं आम्हाला नवं नाही म्हणा. पोळ्याला शिंगं रंगतात, बाशिंग चढतं, झूल पडते. पण त्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जुवानं घट्टे पडलेला बैलाचा खांदा कोमट पाण्यानं शेकायचा, त्यावर हळद-लोणी चोळायचं. सगळा साज त्या घासलेल्या जागेपासून सुरू होतो. बैल घोडा वाटावा, अशी कुणाची खटपट नसते. गाडी सजवणारा नेमकी तीच जागा आधी झाकतो.

म्हणून बीट घेणाऱ्याला मी हसणार नाही. पाच वर्षं हप्ते भरणाऱ्याला रविवारी संध्याकाळी, गाडी नुसती उभी असताना, आपण एकटे आणि मोकळे आहोत असं वाटलं, तर त्यात कुणाचं काय गेलं?

कंपनीनं 2017 मध्ये इथली विक्री थांबवली. भावाची गाडी अजून चिखलीच्या फेऱ्या मारते. मागच्या दाराची ती काळी पट्टी बोटं लागून लागून पांढुरकी पडली आहे. कडी कुठे आहे ते आता रस्त्यापलीकडूनही दिसतं.