छडी, बक्षीस आणि शिकण्याची ओढ

मुलाने अभ्यास करावा म्हणून त्यास भय दाखवावे की बक्षीस, हा प्रश्न खेड्यातील शिक्षकापुढे नित्य असतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्याने मारहाणीस व मानहानीस मनाई केली, हे योग्यच झाले. तथापि छडी गेली म्हणजे आवड आली, असे होत नाही. पुढे २०१९ सालच्या दुरुस्तीने, पाचवीत अथवा आठवीत पुन्हा परीक्षा घेऊनही जो उतरला नाही त्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. आणि नापास होण्याच्या भयावाचून मुले वाचीत नाहीत असे म्हणणाऱ्यांस समाधान वाटले. आम्हांस मात्र विचारावेसे वाटते की, ज्या विद्येकडे मूल केवळ भयाने वळते, ती भय सरल्यावर त्याजपाशी राहील काय? बक्षिसाचीही गोष्ट निराळी नाही. दोहोंतही मुलाची दृष्टी पुस्तकाकडे नसून शिक्षकाच्या हाताकडे असते. त्या हातात छडी आहे की पेढा, एवढाच भेद.

मग प्रीतीने शिकवावे, असे कोणी म्हणेल, आणि आमच्या खानदेशातील साने गुरुजींकडे बोट दाखवील. पांडुरंग सदाशिव साने हे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरास आले, आणि १९२४ पासून १९३० पर्यंत तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिले. छात्रालयाची देखरेखही त्यांजकडे होती. खोली अस्ताव्यस्त दिसली तर ते कोणावर रागावत नसत. स्वतःच केर काढीत, सामान नीट लावून ठेवीत. मुले ओशाळली आणि आपली कामे आपण करू लागली.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, व तो झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. ओशाळे करणे हाही एक प्रकारचा दंड नव्हे काय? छडीचा वळ दोन दिवसांत जातो. आपण प्रेमळ माणसाचे मन दुखविले ही टोचणी वर्षानुवर्षे राहते. ज्या शिक्षकावर मुलांचा जीव असतो, त्याच्या हाती मोठीच सत्ता असते. “तू नापास झालास तर मला वाईट वाटेल,” एवढे बोलून तो मुलाकडून वाटेल ते करवून घेईल. आईबापही हेच करतात. “तुझ्यासाठी आम्ही उन्हातान्हात राबतो,” हे शब्द कापूस वेचणाऱ्या कोणत्या घरी निघत नाहीत? ते खोटेही नसतात. पण असे मूल अभ्यास करते ते कर्ज फेडल्यासारखे.

गुरुजींच्या प्रीतीस ह्या दोषापासून ज्या गोष्टीने वाचविले, ती आमच्या मते त्यांचे ‘छात्रालय दैनिक’ होय. हे हस्तलिखित पत्र ते मुलांसाठी स्वतः लिहीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले. वाचणारा मुलगा त्या वेळी गुरुजींच्या तोंडाकडे पाहत नव्हता. गुरुजी ज्या जगाकडे पाहत होते, त्याकडे तोही पाहू लागला. १९३० साली गुरुजी शाळा सोडून सत्याग्रहात गेले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली, तेव्हा ती उतरून घेण्यास हेच गुरुजी शिष्यासारखे बसले. शिक्षक स्वतः शिकत आहे हे मुलास दिसले, तर त्यास निराळी लालूच कशास हवी?

कोणी म्हणेल, गुरुजी ते गुरुजी. एका खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्याने काय करावे? अडचण खरी आहे. तथापि शिरपूर-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणारे मूल, किंवा इकडे घरी अहिराणीच बोलणारे मूल, पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसते, आणि आपण त्यास मंद ठरवितो. तेच मूल आईबरोबर कापसाचे वजन बिनचूक सांगते. त्याच्या बोलीत त्यास एकदा विचारावे की, काल तुमचा कापूस किती भरला व मजुरी किती झाली; त्याचे उत्तर फळ्याच्या एका कोपऱ्यात त्याच्याच शब्दांत लिहावे, आणि हिशेब इतरांकडून पडताळून घ्यावा. दुसऱ्या दिवशी तो कोपरा दुसऱ्या मुलाचा. ह्यास पैसा लागत नाही, पडदा व यंत्रही लागत नाही. खडू मात्र रोज लागतो.